मुठेच्या माशांची मोजदाद ठेवणारा कर्नल

कसबा पेठ हे पुण्याचे मूळ गाव. ग्रामदैवत कसबा गणपती, तांबट आळीतले हातोड्यांचे ठोके, कुंभारवाडा, कागदीपुरा, शेख सल्ल्याचे दर्गे आणि या साऱ्याला वळसा घालून जाणारी मुठा, असे या पेठेचे चित्र जुन्या पुणेकरांच्या मनात आजही घट्ट आहे. नदीचे रूप मात्र पालटले. एके काळी या काठावर जाळी टाकली जात होती, हे आता सांगावे लागते. मासे हवे असतील तर कसबेकर नदीकडे पाठ करून गणेश पेठेतल्या मासळी बाजाराची वाट धरतो. तिथे आंध्रातून बर्फात येणारी रोहू आणि कटला असते, उजनीची चिलापी असते. त्यातला फार थोडा माल मुठेचा असतो, किंबहुना नसतोच.

या बाजारात उभे राहिले की एक साधा प्रश्न मनात येतो. एकाच जातीचा, एकाच वयाचा मासा एका तळ्यात दोन किलोंचा होतो आणि दुसऱ्या तळ्यात वितीएवढाच राहतो, हे कशामुळे? पाणी, खाद्य आणि गर्दी ही तीन कारणे शेततळ्यात मासे सोडणारा कोणीही सांगेल. चौथे कारण डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे माशाचे कूळ, आजच्या भाषेत त्याचे जनुक. तळ्यात बोटुकली सोडण्यापूर्वी ती कोणत्या आईबापांची, कोणत्या नदीच्या वंशाची, हे ज्याला ठाऊक असते त्याची निम्मी लढाई तिथेच जिंकलेली असते. कुळाची चौकशी करायची तर आधी कोणीतरी कुळाची नोंद केलेली असावी लागते. मुळा-मुठेच्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद करणारा मनुष्य हा ना मासेमार होता, ना प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील एक अधिकारी होता. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

तेराव्या वर्षी सैन्यात

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातला. वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, १८०३ मध्ये, ते कंपनीच्या मुंबई सैन्यात कॅडेट म्हणून दाखल झाले. त्याच वर्षी दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड लागले होते. १८०५ मध्ये लॉर्ड लेक याने भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला, त्या मोहिमेत हा पंधरा वर्षांचा पोरगेला अधिकारी हजर होता. पुढच्या काळात त्यांनी हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांचा अभ्यास केला आणि दुभाष्याची पात्रता मिळवली. या भाषाज्ञानाने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली, असे मागे वळून पाहताना म्हणावे लागते. मराठी येत नसते, तर दख्खनच्या माशांना पुढे मिळाली ती नावे मिळाली नसती.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. बाराच दिवसांनी पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि शनिवारवाड्यावर परके निशाण चढले. खडकी आणि पुणे या दोन्ही ठिकाणच्या लढायांत साइक्स होते. शनिवारवाडा आणि कसबा पेठ यांमध्ये अंतर ते किती! पेशवाईच्या अस्ताचा तो दिवस ज्यांनी शत्रुपक्षात राहून पाहिला, त्यांपैकीच एकाने पुढे या मुलखाचे दगड, पाऊस, पाखरे, पिके आणि मासे मोजून काढावेत, हा इतिहासाचा एक विचित्र योग आहे. जेत्याची जिज्ञासा निर्हेतुक नसते, हे विसरून चालणार नाही. नवा मुलूख ताब्यात आला की त्याची मोजणी होते, कारण मोजणीशिवाय महसूल ठरत नाही. परंतु साइक्स यांची मोजणी महसुलापाशी थांबली नाही, म्हणून आज दोनशे वर्षांनी त्यांची आठवण काढायची.

एल्फिन्स्टन यांचा मोजणीदार

१८२० नंतरची काही वर्षे साइक्स यांनी युरोपच्या प्रवासात घालवली. १८२४ मध्ये विवाह करून ते परतले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुण्याच्या दरबारात रेसिडेंट म्हणून राहिलेल्या एल्फिन्स्टन यांना हा मुलूख चांगला माहीत होता. नुसत्या फौजेने राज्य चालत नाही, माहिती लागते, हे त्यांना पटलेले होते. त्यांनी साइक्स यांची नेमणूक मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून केली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्यांच्याकडे आले.

पुढची सुमारे सहा वर्षे साइक्स या मुलखात हिंडत होते. गावांची शिरगणती, जमीनधारणेचे प्रकार, पिके, मजुरी, बाजारभाव, हवामान अशा शेकडो गोष्टी त्यांनी टिपल्या. डोंगराची उंची काढण्यासाठी पाणी किती अंशाला उकळते हे साध्या उष्णतामापकाने पाहायचे आणि त्यावरून हिशेब मांडायचा, ही पद्धत त्यांनी वापरली आणि पुढे तिच्यावर निबंधही लिहिला. दख्खनच्या वायुभाराचे दैनंदिन चढउतार त्यांनी इतक्या काटेकोरपणे नोंदवले, की ते १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. कोळसून म्हणजे दख्खनचा रानकुत्रा. त्याला शास्त्रीय नाव देताना साइक्स यांनी त्यात दख्खनचेच नाव गुंफले. आपल्या तळ्याकाठी निमूट उभी राहणारी आणि उडताच पांढरेशुभ्र पंख दाखवणारी ढोकरी शास्त्राच्या वहीत प्रथम नोंदवली ती त्यांनीच, १८३२ मध्ये.

काटकसरीच्या धोरणात १८२९ च्या अखेरीस कंपनीने सांख्यिकी अधिकाऱ्याचे पद रद्द केले. साइक्स यांनी काम मात्र अर्धवट सोडले नाही. १८३१ च्या जानेवारीपर्यंत त्यांनी आपला अहवाल पुरा केला आणि मगच ते मायदेशी निघाले. पद गेल्यावरही काम तडीस नेण्याची ही वृत्ती कोणत्याही काळातल्या सरकारी नोकरीत दुर्मीळच म्हणायची.

मोटा मोलाचा खुद्री

इंग्लंडला गेल्यावर त्यांनी दख्खनच्या माशांवरील आपले टिपण लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे मांडले. त्याचा सारांश १८३९ मध्ये आणि चित्रांसह संपूर्ण निबंध १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. ४६ जातींची ही यादी होती आणि त्यांतील बहुतेक जाती विज्ञानाला नव्या होत्या. निबंधातील चित्रे प्रत्यक्ष मोजमापावरून काढलेली होती. कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत अंगाचे प्रमाण, परांतील काट्यांची संख्या, खवल्यांच्या ओळी, मिशा असल्या तर किती, असा प्रत्येक माशाचा तपशील त्यात होता.

या यादीची खरी गंमत नावांत आहे. त्या काळी युरोपीय निसर्गशास्त्रज्ञ लॅटिन आणि ग्रीक धातूंवरून नावे घडवत असत. साइक्स यांनी काही नावे आपल्या स्नेह्यांना वाहिली. एका वांबीला एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. परंतु बहुतांश माशांना त्यांनी काठावरच्या लोकांच्या तोंडी असलेली नावेच ठेवली. शिंगटी, कोळस, अळकुटी, नुक्ता, खुद्री हे शब्द रोमन लिपीत जाऊन थोडे वाकडे झाले, पण जगाच्या शास्त्रीय कोशात कायमचे बसले. आज टोकियोतला किंवा ऑस्लोतला संशोधक दख्खनच्या महसीराचे नाव लिहितो, तेव्हा तो नकळत मुठाकाठचा एक बोली शब्द लिहीत असतो. ज्यांनी तो शब्द साइक्स यांना सांगितला, त्या कोळी-भोयांची नावे मात्र कुठेही नोंदलेली नाहीत. मोजणाऱ्याचे नाव राहिले, सांगणाऱ्याचे गेले, ही त्या काळाची रीतच होती.

दख्खनच्या महसीराचे शास्त्रीय नाव टोर खुद्री. त्याचे मूळ ठिकाण साइक्स यांनी दिले ते पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवरील मोटा मोला नदी, म्हणजेच आपली मुळा-मुठा. आठ मैल म्हणजे तेराएक किलोमीटर, अंदाजे आजच्या मांजरीचा परिसर. कसब्याला वळसा घालून संगमावर मुळेला मिळालेले पाणी पुढे वाहत जिथे पोहोचते, तिथे हा राजमासा धरून त्याचे वर्णन झाले. आज त्याच पाण्याला तोंड लावण्याची कोणाची छाती होणार नाही.

साइक्स यांच्या कामात त्रुटीही राहिल्या. ते स्वतः मत्स्यतज्ज्ञ नव्हते. त्यांनी वर्णिलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत, हाती आहेत ती वर्णने आणि चित्रे. त्यामुळे गोंधळ झाले. शिरूरजवळच्या घोड नदीतल्या ज्या माशाला त्यांनी मसुल्ला म्हटले, ते नाव विसाव्या शतकात कावेरीच्या कुबडवाल्या महसीराला चिकटले. तो मासा महसीर नव्हेच, वेगळ्या गणातला आहे, हे सिद्ध व्हायला दीड शतकाहून अधिक काळ लागला. एका नावाचा घोळ म्हणजे शास्त्रज्ञांची घरगुती भांडणे, असे आपल्याला वाटते. त्या घोळाची किंमत नदीला कशी मोजावी लागली, ते पुढे येईल.

मोजमापाचे शास्त्र

साइक्स १८३३ मध्ये कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १८४० मध्ये ते कंपनीच्या संचालक मंडळावर आले आणि १८५६ मध्ये मंडळाचे अध्यक्षही झाले. १८५७ पासून अखेरपर्यंत त्यांनी स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे पार्लमेंटात प्रतिनिधित्व केले. प्राचीन भारतातील बौद्ध धर्मावर आणि कंपनीच्या सैन्यातील मृत्युमानावर त्यांनी लेखन केले. रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचा महत्त्वाचा मान वेगळाच आहे. १८३४ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या आरंभीच्या मंडळींत ते होते आणि १८६३ ते १८६५ या काळात तिचे अध्यक्ष होते.

योगायोग पाहा. साइक्स अध्यक्षपदावरून उतरले त्याच १८६५ मध्ये दूर मोराविया प्रांतात ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्यांवरील आपले प्रयोग एका सभेत वाचून दाखवले. मेंडेल यांनी जे गुण निवडले ते स्पष्ट होते. दाणा गुळगुळीत किंवा सुरकुतलेला, रोप उंच किंवा बुटके. माशाच्या वजनाचे तसे नसते. एका तळ्यातले हजार मासे तोलले तर लहान आणि मोठा असे दोन ढीग पडत नाहीत, पाव किलोपासून दीड किलोपर्यंत सलग उतरंड लागते. अशा गुणांना मेंडेल यांचे नियम लागू पडतात की नाहीत, यावर अनेक वर्षे वाद झाला. १९१८ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी गणिताने तो मिटवला. असंख्य जनुके प्रत्येकी थोडाथोडा वाटा उचलत असतील, आणि त्यांत परिस्थितीचा वाटा मिसळत असेल, तर अशी सलग उतरंडच लागली पाहिजे, हे त्यांनी दाखवून दिले. हेच फिशर पुढे १९५२ ते १९५४ या काळात रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे, म्हणजे साइक्स यांच्याच त्या संस्थेचे, अध्यक्ष झाले. साइक्स यांना जनुकाची कल्पनाही नव्हती. तरीही पुष्कळ मोजावे, नीट नोंदवावे आणि नोंदींतून नियम शोधावा, या ज्या वाटेने त्यांची पिढी चालली, त्याच वाटेवर पुढे मत्स्यपैदाशीचे शास्त्र उभे राहिले.

या शास्त्राचा गाभा सोप्या हिशेबात सांगता येतो. समजा, एका तळ्यातल्या रोहूचे सरासरी वजन ८०० ग्रॅम आहे. आपण त्यांतून सरासरी ९०० ग्रॅमचे मासे पुढच्या पिढीचे आईबाप म्हणून निवडले. तर पिल्ले सरासरीने ९०० ग्रॅमची होतील काय? नाही. त्या जादा १०० ग्रॅमांतला काही भाग चांगल्या खाद्याचा आणि नशिबाचा होता, तो वारशाने उतरत नाही. माशांच्या वजनाच्या बाबतीत अनुवंशाचा वाटा बहुधा पाचव्या हिश्शापासून दोनपंचमांशापर्यंत भरतो. म्हणजे जादा १०० ग्रॅमांतले वीस ते चाळीस ग्रॅम पुढच्या पिढीला मिळतात. हे ऐकायला थोडे वाटते. पण मादी रोहू एका हंगामात लाखांनी अंडी घालते. लाखांतून मोजके निवडता येतात आणि दर पिढीला पदरात पडलेला लाभ साठत जातो. गाई-म्हशींत ही सोय नाही.

भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने १९९२ मध्ये रोहूवर हेच काम सुरू केले. गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा आणि सतलज या नद्यांतील रानटी रोहू आणि तळ्यातली रोहू एकत्र आणून त्यांच्या कुटुंबांची स्वतंत्र नोंद ठेवली गेली. दर पिढीला वाढीचा वेग सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास सुधारत गेला. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, या वाणाचे नाव जयंती रोहू असे ठेवण्यात आले. खुद्द नॉर्वेने सत्तरच्या दशकात आपल्या सामन माशाची पैदास सुरू केली, तेव्हा सुमारे चाळीस नद्यांतून वंश गोळा केले होते. या दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. तळ्यातला मासा सुधारायचा तर भांडवल नदीतून आणावे लागते.

वंश बिघडतो कसा

सुधारणा होते, तशी अधोगतीही होते, आणि ती अधिक सहज होते. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे तळ्यात प्रजनन घडवले. त्यानंतर देशभर मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली आणि शेतकऱ्याची नदीतील बीजावरची भिस्त संपली. ही मोठीच क्रांती होती. परंतु एका मादीची लाखो पिल्ले होत असल्याने चार-दोन जोड्यांवर साऱ्या तालुक्याची गरज भागते. त्याच पिल्लांतून पुढचे आईबाप घेतले, तर भावंडांची लग्ने लागतात. अशा अंतःप्रजननाने वाढ खुंटते, विकृती येतात, रोगाला तोंड देण्याची ताकद कमी होते. दुसरी चूक व्यवहारातून होते. मोठे मासे बाजारात चांगला भाव खातात म्हणून आधी विकले जातात आणि मागे राहिलेल्या लहानग्यांवर पुढची पिढी घेतली जाते. म्हणजे निवड होते, पण उलट्या दिशेने. ऐंशीच्या दशकात कर्नाटकातील बीज केंद्रांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी या दोन्ही धोक्यांकडे लक्ष वेधले होते.

आता साइक्स यांच्या खुद्रीकडे वळू. १६ जून १८७२ रोजी साइक्स यांचे लंडनमध्ये निधन झाले, त्या वेळी मुठेवर खडकवासल्याच्या धरणाचे बांधकाम चालू होते. पुढच्या शतकात सह्याद्रीच्या जवळजवळ प्रत्येक नदीवर भिंती उभ्या राहिल्या. महसीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून, खडकाळ, वाहत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. वरची वाट भिंतीने अडवली आणि खालची वाट शहराच्या सांडपाण्याने. रोहूच्या मानाने त्याची अंडी पुष्कळच कमी आणि वाढही संथ. असा मासा हरत जातो, यात नवल नाही.

त्याला हात दिला तो लोणावळ्याने. इंद्रायणीच्या उगमाच्या परिसरात, वळवण येथे, टाटांच्या वीज कंपन्यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी महसीराचे प्रजनन केंद्र चालवले. महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले हे त्यामागचे अभ्यासक. पक्व मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी घ्यायची, त्यावर नराचे वीर्य मिसळायचे, आणि वाहत्या पाण्यात ती उबवायची, ही पद्धत त्यांनी रुळवली. महसीराची अंडी पाण्याविना, ओल्या कापसात ठेवून विमानाने दूरवर पाठवता येतात, हेही त्यांनी दाखवून दिले. या केंद्रातून लाखो बोटुकली देशभर गेल्या. एके काळी संकटग्रस्त गणला गेलेला दख्खनचा महसीर जागतिक यादीत आता त्या वर्गात राहिलेला नाही. मराठी मत्स्यशास्त्रज्ञांचे हे काम अभिमानाने सांगावे असे आहे.

याच कहाणीला कावेरीकाठी एक दुखरी बाजू आहे. कावेरीत स्वतःचा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. १९४६ मध्ये काबिनी नदीत धरलेला मासा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा भरला होता. गळकऱ्यांनी मोठ्या माशांची हौस म्हणून, आणि संवर्धनाच्या चांगल्या हेतूनेही, त्या नदीत लोणावळ्याच्या बीजातील दख्खनी महसीर सोडण्यात आला. गळकऱ्यांच्याच १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा दख्खनी महसीर वाढत गेलेला आणि कुबडवाला नाहीसा होत चाललेला आढळला. आणि साइक्स यांच्या मसुल्ल्याच्या नावाचा घोळ असल्याने त्या बिचाऱ्याला धड शास्त्रीय नावही नव्हते. नाव नाही म्हणून यादीत नाही, यादीत नाही म्हणून संरक्षण नाही. २०१८ मध्ये तो टोर रेमादेवी असल्याचे निश्चित झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. एवढा मोठा देह देणारी जी जनुके त्या एका नदीने हजारो वर्षांत घडवली, ती गेली तर कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा घडवता येणार नाहीत.

जमाखर्चाची वही

साइक्स यांचे जीवन म्हणजे एका जेत्याचे जीवन, हे नाकारता येत नाही. त्यांच्या मोजणीवर ज्यांचा सारा ठरला, ते शेतकरी त्यांना दुवा देत होते असे मानायचे कारण नाही. तरीसुद्धा त्यांनी मागे ठेवलेली वही आज आपल्या कामाची आहे. या नदीत काय होते, हे ती सांगते. १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली, २००३ मध्ये पुण्याच्याच संशोधकांनी मुळा-मुठेची पुन्हा पाहणी केली. या नोंदी साइक्स यांच्या यादीशेजारी ठेवल्या की जमाखर्च मांडता येतो. देशी जाती घटत गेल्या आणि बाहेरून आणलेल्या चिलापीसारख्या जाती वाढल्या, असा तो हिशेब आहे.

चिलापीचे उदाहरण तर मत्स्यशेतीचा धडाच आहे. हा मासा हाताएवढा होण्याआधीच वयात येतो, दाटीवाटीने वीण घालतो आणि मग सारे तळे खुज्या माशांनी भरते. त्याच चिलापीची जातिवंत निवड फिलिपाइन्समध्ये १९८८ पासून झाली. आफ्रिकेतील मूळ नद्या-तळ्यांतून रानटी वंश आणून, त्यांची नोंद ठेवून, पिढीमागून पिढी निवड केल्यावर भरभर वाढणारा वाण हाती आला. मासा तोच होता. फरक पडला तो कुळाच्या नोंदीने.

म्हणून शेततळ्यासाठी बीज घेणाऱ्या शेतकऱ्याने बोटुकलीचा भाव विचारताना तिचे आईबाप किती, कोठले आणि किती वर्षांपूर्वी बदलले, हेही विचारायला हवे. बीज केंद्रांनी त्याचे उत्तर लेखी द्यायला हवे. आणि नदीत बोटुकली सोडण्याचे समारंभ करणाऱ्यांनी, ती बोटुकली त्याच नदीची आहे ना, एवढे तरी आधी पाहायला हवे. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून राखलेले महसीर आजही पिढ्यान्‌पिढ्या सुखाने पोहत आहेत. श्रद्धेने राखलेले ते एक रानटी बीजभांडारच आहे. अशी भांडारे शास्त्राने हेरून ठेवली, तर उद्या महसीराची शेती करू पाहणाऱ्याला वंश मागायला जागा राहील.

कसब्याच्या काठावर उभे राहून आज मुठेकडे पाहिले तर खुद्री दिसणार नाही. तो होता, तो याच पाण्यातून संगमाखाली उतरत होता, एवढे मात्र आपण खात्रीने सांगू शकतो. तेवढी खात्री आपल्याला देणाऱ्या त्या मराठी शिकलेल्या परक्या कर्नलचे हे ऋण आहे. ते फेडायचे असेल तर त्याच्या वहीतली पुढची पाने आपण लिहिली पाहिजेत, आणि ती लिहायला नदीत मासे उरले पाहिजेत.